बॅलन्स चार्जिंग कशासाठी?

रिमोटच्या हेलिकॉप्टरची ३एस लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवू लागली की ती नीट भरली, असा सर्रास समज आहे. पण तिच्यात ३ सेल (स्वतंत्र घट) एकापुढे एक जोडलेले असतात आणि ४.२ व्होल्टची मर्यादा प्रत्येकाला वेगळी लागू असते. तिघा भावंडांच्या गुणांची सरासरी चांगली आली म्हणून तिघेही पास झाले असे होत नाही, तसेच हे. सेल ४.०, ४.२ आणि ४.४ व्होल्टवर असले तरी बेरीज १२.६च येते, त्यातला ४.४चा सेल फुगतो, पेटूही शकतो. म्हणून बॅटरीचा बारीक वायरींचा छोटा पांढरा कनेक्टरही चार्जरला जोडावाच. बॅलन्स चार्जिंग (सगळे सेल एका पातळीवर आणणे) त्याच्यामुळेच होते. २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअर करंट पुरे. चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नका, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका.