सडा ‘पडीक’ नसतो : एका गवताची साक्ष

आज बोलूया ग्लिफोक्लोआबद्दल. नाव अवघड आहे, पण गवत आपलंच. ही अख्खी प्रजाती, म्हणजे जातींचा गट, फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडते. त्यातल्या बऱ्याच जाती पश्चिम घाट आणि कोकण-गोव्यातल्या जांभ्या सड्यांवर उगवतात. नावंच बघा ना : रत्नागिरिका, गोवाएन्सिस, महाराष्ट्राएन्सिस!

कुठली जाती कुठे होती, हे कळतं हर्बेरियम शीटवरून. गवत दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि कोपऱ्यात लेबल लावायचं : ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, नमुन्याचा क्रमांक.

मग मोबाईलचा फोटो पुरत नाही का? बऱ्याचदा नाही. या जाती ओळखायच्या त्या कणसातल्या बारीक कणिशकांवरच्या नक्षीवरून, आणि ती नीट दिसते भिंगाखाली.

आता खरी गंमत. नोंदींच्या नकाशावर एखादी जागा रिकामी दिसली, म्हणजे तिथे गवत नाहीच असं नसतं. कदाचित तिथे कुणी गेलंच नसेल. किंवा उन्हाळ्यात गेलं असेल, जेव्हा सडा नुसता काळा कातळ दिसतो.

सरकारी दप्तरात असे कितीतरी सडे ‘पडीक’ आहेत. तिथे उद्या खाण आली, तर “इथे काही नव्हतंच” म्हणणं सोपं असतं. तारीख आणि गाव लिहिलेलं एक जुनं शीट मात्र सांगू शकतं, “होतं, हे बघा!”