जुनी पद्मिनी समोरून खाली घ्यायची? स्प्रिंग कापण्याआधी एवढं वाचा

हैदराबाद : काचीगुड्यात राहणाऱ्या आमच्या मामांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. आम्ही लहान असताना दिवाळीला मामा याच गाडीने बिदरमार्गे उदगीरला यायचे. मागच्या वर्षी गाडीला नवा रंग दिला आणि मामेभावाच्या डोक्यात आलं, गाडी समोरून थोडी खाली बसली तर काय देखणी दिसेल! एका गॅरेजवाल्याने वाकून बघितलं आणि सांगितलं, "दो रिंग काट देते साब, एक घंटे का काम है."

काम खरंच तासाभरात झालं. गाडी खाली बसली, फोटोही छान आले. पण गतिरोधक आला की खालून ठक्क आवाज. तीन महिन्यांत पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गुळगुळीत. उदगीरच्या वाटेवर चाक खड्ड्यात गेलं तेव्हा स्टेअरिंगने असा झटका दिला की मामा म्हणाले, "आता या गाडीत लेकरांना बसवणार नाही."

अॅम्बेसेडर, पद्मिनी यांसारख्या गाड्या हौसेने सांभाळणारे आपल्या सीमाभागातही आहेत आणि मोठ्या कामासाठी ते हैदराबाद गाठतात. म्हणून हा विषय जरा समजून घेऊ.

उंची कशावर ठरते?

पद्मिनी म्हणजे फियाट 1100 चंच भारतीय रूप. 1974 पासून तिला हे नाव मिळालं. तिच्या मागच्या बाजूला कमानपाटे आहेत, तर समोर प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म आणि मध्ये गोल स्प्रिंग. पुढच्या भागाचं वजन या दोन स्प्रिंगांवर असतं. स्प्रिंग आखूड केली की गाडी खाली येते, हे खरं. मात्र किती खाली येते, इथेच हिशेब चुकतो.

मी कॉमर्सचा माणूस, आकड्यांतच सांगतो. समजा, गाडीच्या वजनाखाली दबलेली स्प्रिंग 8 इंच आहे आणि तिला 8 वेढे आहेत. एक वेढा कापला की स्प्रिंग साधारण एक इंच आखूड होते. पण स्प्रिंग चाकावर नव्हे, आर्मवर बसलेली असते. ती आर्मच्या मध्यावर असेल तर तिथला एक इंच म्हणजे चाकाजवळ दोन इंच. दोन वेढे कापले तर थेट चार इंच! शिवाय वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. 8 चे 7 झाले तर सुमारे 14 टक्के, 6 झाले तर 33 टक्के. म्हणजे गाडी खालीही बसते आणि आदळतेही जास्त.

गॅसने कापणं तर त्याहून वाईट. ज्योतीच्या उष्णतेने त्या भागाचं पोलाद आपलं पाणी गमावतं. मग एक बाजू जास्त बसते, कधी स्प्रिंग तुटतेही. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक हवेत लोंबकळलं की फार आखूड स्प्रिंग जागेवरून सरकूही शकते.

टायर आतून का झिजले?

गाडी खाली आली की दोन्ही आर्मचा कोन बदलतो. चाकाचा वरचा भाग बहुतेक वेळा आत झुकतो आणि टायर आतून खायला लागतो. स्टेअरिंगच्या दांड्यांचाही कोन बदलतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली होताना आपोआप डावी-उजवीकडे वळतं. मामांना बसलेला झटका तोच. नुसतं व्हील अलाइनमेंट करून हे पूर्ण जात नाही.

ठक्क आवाजाचं कारण सोपं आहे. आर्म वर येऊन जिथे थांबतो तिथे रबराचा ठोकळा असतो. गाडी खाली घेतली की आर्म आणि ठोकळा यांच्यातलं अंतर कमी होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीबोळांतले गतिरोधक कसे असतात, ते सांगायला नको. चार इंच खाली आलेल्या गाडीचं ऑइल चेंबर तिथेच घासतं.

अॅम्बेसेडरचं गणित वेगळं

जुन्या अॅम्बेसेडरला समोर गोल स्प्रिंग नाही. तिथे लांब पोलादी दांडी असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. दांडी पिळली जाते आणि तोच पीळ वजन पेलतो. मागच्या टोकाची पकड थोडी फिरवून बसवली की उंची बदलते, कापाकापी लागत नाही. दांडीचा कडकपणाही तोच राहतो. तरी चाकाचा कोन आणि ठोकळ्यापर्यंतचं अंतर इथेही बदलतं, म्हणून अति नकोच.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. बेकायदा बदलासाठी कलम 182-अ मध्ये प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी, आणि मग दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा तपासणी होतेच. हैदराबादेत घेतलेली गाडी महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथली नोंदणी घ्यावी लागते.

2021 च्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी आली. तिची मुख्य अट, गाडी मूळ रूपात हवी. 1974 च्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. चौमहल्ला पॅलेसमधली निजामांची 1912 ची पिवळी रोल्स रॉइस लोक बघायला जातात, ती जशी होती तशी आहे म्हणूनच ना!

तरीही हौस असेल तर

• आधी सपाट जागेवर, टायरमध्ये बरोबर हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. जुनी स्प्रिंग आधीच बसलेली असू शकते.
• बुश, जोड आणि शॉकअप आधी तपासा. ते गेलेले असतील तर पहिला खर्च तिथे.
• कापू नका. स्प्रिंग बनवणाऱ्याकडून मोजून आखूड जोडी करून घ्या. इंचभराच्या पुढे जाऊ नका.
• नंतर अलाइनमेंट करा. ब्रेकची रबरी नळी कुठे घासत नाही ना, बघा. समोर गाडी झुकली की हेडलाइटचा झोत जवळ पडतो, तोही नीट लावून घ्या.
• हे काम घरी जॅकवर करू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं.
• मूळ स्प्रिंगा तेल लावून, गोणपाटात गुंडाळून जपून ठेवा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आखूड जोडी काढून जुनी परत बसवता येते, कापलेली जोडता येत नाही. मामांना जुन्या भागांच्या बाजारात मूळ मापाची जोडी शोधायला दोन महिने लागले. ती बसवली, टायर नवे घातले. या दिवाळीला मामा पुन्हा गाडी घेऊन उदगीरला आले, मागच्या सीटवर नातवंडं होती.