बेसबॉलपटूचा सेवाकाल

२०१५ च्या मार्च महिन्यातील सराव सामन्यांत शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या क्रिस ब्रायंट नावाच्या तरुण फलंदाजाने नऊ होमरन मारले; म्हणजे नऊ वेळा त्याने चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे धाडला. आदल्या वर्षी दुय्यम संघांकडून खेळताना त्याने असे ४३ फटके मारले होते. तो मुख्य संघात खेळण्यास योग्य झाला आहे, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद उरला नव्हता. तरीही ५ एप्रिल रोजी हंगामास प्रारंभ झाला तेव्हा त्याची रवानगी आयोवा राज्यातील दुय्यम संघाकडे झालेली होती. मुख्य संघात तो दाखल झाला १७ एप्रिलला. हे बारा दिवस कशासाठी गेले, याचे उत्तर मैदानावर शोधून सापडत नाही. ते खेळाडूंच्या वेतनाच्या नियमांत आहे.

व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीला मेजर लीग म्हणतात. तीत अमेरिका व कॅनडा येथील मिळून ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या हाताखाली काही दुय्यम संघ असतात. नवे खेळाडू तेथे तयार होतात. पूर्वी एकदा करार केलेला खेळाडू जवळजवळ कायमचा त्या संघाशी बांधला जाई. करार संपला तरी त्याला आपणाकडेच राखून ठेवण्याचा हक्क संघमालकाकडे राही. कर्ट फ्लड या खेळाडूने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, परंतु १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पुढे १९७५ च्या डिसेंबरमध्ये पीटर साइट्झ या लवादाने दोन खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला आणि ही जुनी व्यवस्था मोडली. १९७६ च्या करारात असे ठरले की, मेजर लीगमध्ये सहा वर्षे सेवा केलेला खेळाडू हव्या त्या संघाशी बोलणी करण्यास मोकळा होईल.

या सहा वर्षांचे आज सामान्यतः दोन भाग पडतात. पहिली तीन वर्षे वेतन संघच ठरवतो. ते ठरावीक किमान रकमेहून कमी नसावे, एवढीच अट असते. पुढील तीन वर्षे वाद उद्भवल्यास खेळाडूला लवादाकडे जाता येते. दोन्ही पक्ष आपापला आकडा मांडतात आणि लवाद त्यांपैकी एक निवडतो. या पायऱ्यांवरील अंतर केवढे असते, हे ब्रायंटच्याच उदाहरणावरून कळते. २०१५ मध्ये किमान वेतन ५ लाख ७ हजार ५०० डॉलर होते. २०१८ मध्ये, लवादाकडे जाण्याचा हक्क प्राप्त होताच, त्याचे वेतन १ कोटी ८ लाख ५० हजार डॉलर ठरले.

आता सेवेचे वर्ष मोजतात कसे, ते पाहू. हंगाम सुमारे १८३ ते १८७ दिवसांचा असतो. त्यांपैकी १७२ दिवस खेळाडू मुख्य संघात असला की त्याचे एक वर्ष पूर्ण भरते. ही सवलत उघडच खेळाडूच्या सोयीची आहे. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. नव्या खेळाडूला आरंभीचे थोडे दिवस बाहेर ठेवले, तर त्याचे पहिले वर्ष अपुरे राहते आणि मुक्त होण्यासाठी त्याला आणखी एक संपूर्ण हंगाम थांबावे लागते. २०१५ चा हंगाम १८३ दिवसांचा होता. त्यातून बारा दिवस वजा केले की उरतात १७१. ब्रायंटला एक दिवस कमी पडला. २०२० च्या अखेरीस मिळाली असती ती मोकळीक त्याला २०२१ च्या अखेरीस मिळाली.

संघाच्या दृष्टीने पाहिल्यास हा सौदा लाभाचाच होता. आरंभीच्या मोजक्या सामन्यांच्या मोबदल्यात ऐन उमेदीतील खेळाडूवरचा हक्क एका वर्षाने वाढत होता. मात्र असा हेतू कोणताही संघ उघडपणे मान्य करीत नाही. ब्रायंटच्या क्षेत्ररक्षणात सुधारणा हवी, असे कारण त्या वेळी देण्यात आले. ते खोटे होते, हे सिद्ध करणे सोपे नव्हते, कारण खेळाडूची तयारी केव्हा पूर्ण झाली हे ठरवण्याचा अधिकार संघाचाच असतो. ब्रायंट त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१६ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वाधिक मोलाचा खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी शिकागो कब्सने १९०८ नंतर प्रथमच अजिंक्यपद मिळवले. तरीही खेळाडू संघटनेने त्याच्या वतीने केलेली तक्रार २०२० च्या आरंभी लवादाने फेटाळली. तो मुक्त झाला तेव्हा २९ वर्षांचा होता. ज्या व्यवसायात शरीराची उमेद फार वर्षे टिकत नाही, तेथे एका वर्षाचे मोल मोठे असते.

२०२२ च्या नव्या करारात यावर दोन उपाय योजण्यात आले. हंगामापूर्वीच नामांकित गणला गेलेला नवोदित, सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आला तर तो उशिरा दाखल झालेला असला तरी त्याला पूर्ण वर्षाचे श्रेय मिळते. २०२४ मध्ये पिट्सबर्गचा गोलंदाज पॉल स्कीन्स ११ मे रोजी मुख्य संघात आला; तो पुरस्कार जिंकल्यामुळे त्याचे वर्ष पूर्ण धरले गेले. दुसरा उपाय संघांना उत्तेजन देणारा आहे. अशा खेळाडूला आरंभापासून संधी देणाऱ्या संघाला, त्याने पुढे मोठा पुरस्कार मिळवल्यास, नवे खेळाडू निवडण्याची एक जादा संधी मिळते. सिअॅटलने २०२२ मध्ये हुलिओ रोड्रिगेसला पहिल्या दिवसापासून खेळवले आणि तिला ही संधी लाभली.

हे उपाय मुख्यतः असामान्य खेळाडूंच्याच उपयोगी पडतात. जो केवळ चांगला आहे, परंतु पुरस्कारापर्यंत पोहोचत नाही, त्याच्यासाठी १७२ दिवसांची रेषा पूर्वीच्याच जागी आहे. खेळाडूला बंधनातून सोडवण्यासाठी आखलेल्या रेषेच्या अलीकडे त्याला थोपवून धरणे जोवर संघाच्या फायद्याचे आहे, तोवर एप्रिलमधील काही दिवस गुणी तरुणांना दुय्यम मैदानांवर काढावे लागणार, असेच दिसते.