आपल्याच माणसाची हुर्यो

मार्च १९५५. मॉन्ट्रियलच्या ‘फोरम’मध्ये बर्फावरची हॉकी रंगात आली आहे. घरचा संघ कॅनेडियन्स, आणि त्यांचा बर्नी जोफ्रिऑन झपाटल्यासारखा खेळतोय. संघ त्याचा, शहर त्याचं, प्रेक्षकांची भाषा फ्रेंच, तीही त्याचीच. तरी घरचेच लोक त्याची हुर्यो उडवतात. त्याने बिघडवलं काय होतं? चांगला खेळला, एवढंच.

आता ऑक्टोबर १९८९ मधलं एडमंटन बघा. पाहुण्या लॉस एंजेलिस किंग्जकडून खेळणारा वेन ग्रेट्झ्की शेवटच्या मिनिटात गोल करून बरोबरी साधतो, आणि मग जादा वेळेत आणखी एक गोल मारून घरच्या संघाला हरवूनच जातो. बरोबरीच्या गोलला एडमंटनचे लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. आपल्या हातातला सामना निसटत असताना!

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले की मती गुंग होते. आपल्यासाठी गुण मिळवणाऱ्याला शिव्या, आपल्याला हरवणाऱ्याला टाळ्या. म्हणजे प्रेक्षक जे मोजत होते ते काही गुणफलकावर लिहिलेलं नव्हतं.

खडकीच्या धनराज पिल्लेवर जीव टाकलेल्या आपल्यासारख्यांना ही हॉकी जरा परकी. म्हणून दोन शब्द. चेंडूऐवजी ‘पक’ नावाची रबराची काळी चकती, गोलरक्षक धरून एका बाजूला सहा जण, पायात धारदार स्केट्स. दम इतका लागतो की खेळाडू मिनिटभरही टिकत नाही, बाकावर येतो आणि दुसरा आत उडी घेतो. साठ मिनिटांच्या सामन्यात मोठ्यातला मोठा तारासुद्धा बर्फावर असतो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. गोल केला की एक गुण, गोलसाठी पास दिला तरी एक गुण. नियम एवढे कळले तरी पुरे. प्रेक्षक कळायला मात्र मला मराठी व्याकरण उपयोगी पडलं.

इंग्रजांचं एका ‘वुई’वर भागतं. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आमचा सचिन’ म्हणताना मी समोरच्याला बाहेर उभा करतो, ‘आपला सचिन’ म्हणताना खांद्यावर हात टाकून त्याला आत घेतो. हॉकीतला प्रत्येक मोठा खेळाडू ‘आमचा’, ‘आपला’ किंवा ‘त्यांचा’ या तीन खोल्यांपैकी एकीत राहतो. त्याची खोली बदलली की लोक बिथरतात, निदान मला तरी तसं दिसतं.

मॉरिस रिशार हा पक्का ‘आमचा’. रेल्वेच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाचा पोरगा, स्वतः यंत्रकाम शिकलेला. १९४४-४५ च्या हंगामात त्याने ५० सामन्यांत ५० गोल ठोकले, तोवर हे कुणाला जमलं नव्हतं. लोक त्याला ‘रॉकेट’ म्हणत. क्युबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण गिरण्या-कारखान्यांचे मालक आणि वरचे साहेब बहुतेक इंग्रजी. दिवसभर साहेबाचं ऐकून घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी ९ नंबरचा शर्ट घातलेला रिशार कुणाचंही ऐकून न घेताना दिसे. या ‘आमचा’मधून इंग्रज वगळलेले होते, हे सांगायची गरजच नव्हती.

१३ मार्च १९५५ ला बोस्टनमध्ये हाल लेको या खेळाडूची काठी रिशारच्या डोक्याला लागली, रक्त आलं. रिशारने आपली काठी लेकोवर चालवली, आणि आवरायला आलेल्या पंचालाही ठोसा लगावला. शिक्षा व्हायलाच हवी होती, यात मला शंका नाही. पण ती दिली लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी, जे इंग्रजी भाषक होते, आणि दिली तीही उरलेला हंगाम आणि पुढची बाद फेरी, दोन्हीतून बाहेर. १७ मार्चला कॅम्पबेल स्वतः फोरममध्ये सामना बघायला येऊन बसले. अंडी आली, टोमॅटो आले, मग अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. सामना डेट्रॉइटला बहाल झाला आणि जमाव सेंट कॅथरिन रस्त्यावर काचा फोडत, दुकानं लुटत सुटला. दुसऱ्या दिवशी रिशारला रेडिओवर बसवावं लागलं. शिक्षा मी भोगतो, पुढच्या वर्षी परत येतो, तुम्ही शांत व्हा, अशी त्याने फ्रेंच आणि इंग्रजीत विनवणी केली. तेव्हा कुठे शहर निवलं.

आता जोफ्रिऑनचा गुन्हा कळेल. रिशारवर बंदी आली तेव्हा गुणांच्या यादीत तो पहिला होता, ७४ गुण. सगळं मिळवलेल्या या माणसाने गुणांचा हा किताब मात्र कधीच जिंकला नव्हता. राहिलेल्या सामन्यांत त्याच्याच संघातला जोफ्रिऑन ७५ वर पोचला. एका गुणाने पुढे! पुढेही रिशारला तो किताब कधी मिळाला नाही. जोफ्रिऑन गुण मिळवत होता तो संघासाठी, पण लोकांच्या डोळ्यांना दिसत होता घरातला वडीलधारा बाहेर असताना त्याच्या पाटावर बसलेला पोरगा. एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईचा नवा कर्णधार म्हणून उतरलेल्या हार्दिक पंड्याची घरच्याच लोकांनी कशी हुर्यो उडवली ते आठवा. पाट तेव्हा रोहितचा होता.

‘आपण’ हा शब्द किती निसरडा आहे हे रॉबर्ट सियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत मोजूनच दाखवलं. १९७६ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी छापलेला तो अभ्यास सात विद्यापीठांतला. शनिवारी फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव छापलेले कपडे जास्त दिसत. फोनवर सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर मुलांच्या तोंडी ‘वुई’ जास्त येई, हरल्यावर कमी. आपल्या चाळीच्या गॅलरीत उभं राहिलात तर अभ्यासाची गरज नाही. ‘जिंकलो रे!’ आणि ‘हरले बघ’, ही दोन वाक्यं एकाच तोंडातून ऐकू येतात.

आणि ‘त्यांचा’ खेळाडू? त्याच्याबाबतीत नजरच बदलते. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यातला फुटबॉलचा सामना भलताच धसमुसळा झाला. प्रिन्स्टनचा लाडका तारा डिक काझमायर नाक मोडून बाहेर गेला. नंतर संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांना सामन्याची एकच फिल्म दाखवून आगळिका मोजायला सांगितलं. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाच्या जितक्या दिसल्या, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनवाल्यांना दिसल्या. फिल्म एकच, बरं का.

पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीवरून त्याच राज्यातल्या फिलाडेल्फियाशी जन्मभर चालणारं भांडण या नजरेतून बघावं. क्रॉस्बी बर्फावर पडला की पिट्सबर्गला काठी अडकलेली दिसते, फिलाडेल्फियाला नाटक दिसतं. रडका, पंचांकडे तक्रारी करणारा, लीगचा लाडोबा, काय काय म्हणून झालं. त्याच क्रॉस्बीच्या घरच्या तळघरातलं कपडे वाळवायचं यंत्र मात्र नोव्हा स्कॉशियातल्या क्रीडा संग्रहालयात मांडून ठेवलंय. लहानपणी तो त्यावर पक मारून सराव करायचा. यंत्रभर काळे डाग आणि पोचे. लोक ते पोचे बघायला जातात, पादुका बघाव्यात तसे.

२८ फेब्रुवारी २०१० ला, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, अमेरिकेविरुद्ध जादा वेळेतला गोल क्रॉस्बीनेच मारला. एका क्षणात तो सबंध कॅनडाचा ‘आपला’ झाला. त्या कॅनडा संघात माइक रिचर्ड्स आणि ख्रिस प्राँगर हे फिलाडेल्फियाचे खेळाडूही होते. एरवी ते त्याच्या अंगावर जात तेव्हा त्यांचं गाव टाळ्या वाजवायचं.

‘आपला’ व्हायलाच नकार दिला तर? एरिक लिंड्रोसने १९९१ मध्ये तेही करून बघितलं. क्युबेक नॉर्डिक्सने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिला उचलला, आणि हा म्हणाला, मी येत नाही. वर्षभर हटून बसला, शेवटी फिलाडेल्फियाला गेला. ऑक्टोबर १९९२ मध्ये तो क्युबेकमध्ये पहिल्यांदा खेळायला उतरला तेव्हा दाढीमिशीवाले बाप्ये टोपडी घालून, लंगोट बांधून बसले होते, आणि बर्फावर बाळांच्या चोखण्या पडत होत्या. राग असावा तर इतका कल्पक. त्याच्या बदल्यात नॉर्डिक्सला मिळालेल्यांत पीटर फोर्सबर्ग होता, म्हणजे सौदा नॉर्डिक्सच्या फायद्याचाच ठरला. पण मागणी घातलेल्या मुलाने भर मांडवातून उठून जावं तसा तो अपमान होता. त्यात नफातोटा कोण बघतं?

ग्रेट्झ्कीचं जाणं वेगळं होतं. दहा वर्षांचा असताना एका हंगामात ३७८ गोल केले म्हणून इतर पोरांचे आईबाप त्याची हुर्यो उडवत. चौदाव्या वर्षी तो घर सोडून टोरोंटोला गेला, त्यामागे हा जाचही होता. एडमंटनला मात्र त्याने चार वेळा लीगचा सर्वोच्च किताब, स्टॅन्ली कप, मिळवून दिला. ९ ऑगस्ट १९८८ ला त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकल्याचं जाहीर झालं आणि पत्रकार परिषदेत बोलता बोलता तो रडायलाच लागला. मला वाटतं, त्या अश्रूंनी त्याला वाचवलं. गावाचा राग वळला मालक पीटर पॉकलिंग्टनकडे. त्याचा पुतळा जाळला. थोडा वळला नव्या नवरीकडे, जॅनेट जोन्सकडे. ती नटी, तिनेच नेलं म्हणे. (सून आली आणि मुलगा बिघडला. कॅनडातही!) संसदेत एका खासदाराने सरकारने हा सौदा रोखावा अशी मागणी केली. ग्रेट्झ्की स्वतः निर्दोष सुटला. त्याला नेला होता, तो गेला नव्हता. म्हणून १९८९ मध्ये त्याने गॉर्डी हाऊचा १८५० गुणांचा विक्रम मोडला तेव्हा एडमंटनला तो अजून घरातलाच वाटत होता.

ही पुण्याई कायमची मात्र नसते. २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कॅनडाला आपलं एक्कावन्नावं राज्य करण्याची भाषा करत होते आणि ग्रेट्झ्की त्यांचा मित्र म्हणून वावरत होता. त्या फेब्रुवारीत बोस्टनला कॅनडा-अमेरिका अंतिम सामन्याआधी तो कॅनडाचा मानद कर्णधार म्हणून चालत आला, अंगावर कॅनडाचा शर्ट नाही, साधा सूट, आणि वाटेत अमेरिकन खेळाडूंना अंगठा दाखवून शुभेच्छा. गोल करून १९८९ मध्ये जे बिघडलं नव्हतं, ते एका अंगठ्याने बिघडलं.

राहिला जोफ्रिऑन. ११ मार्च २००६ ला मॉन्ट्रियलमध्ये त्याचा ५ क्रमांक सन्मानाने निवृत्त होणार होता. त्याच दिवशी सकाळी कर्करोगाने तो गेला. सोहळा रद्द झाला नाही. संध्याकाळी त्याचे कुटुंबीय बर्फावर उभे राहिले आणि ५ चा झेंडा वर चढला, त्याचे सासरे हॉवी मोरेन्झ यांच्या ७ च्या शेजारी. सगळं सभागृह उभं राहिलं. रिशारचा ९ तिथे आधीपासून होताच.