रेषा उज्जैनची, देशांतर ज्याचे त्याचे

आपल्या प्राचीन सिद्धांतकारांनी मध्यरेषा उज्जयिनीवरून नेली आणि ग्रहगणित त्या रेषेस धरून मांडले. जो त्या रेषेवर राहत नाही, त्याने आपल्या गावचा देशांतर संस्कार देऊन ते गणित शुद्ध करून घ्यावे, असा दंडक होता. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला, रत्नागिरीचे सुमारे ७३ अंश १८ कला. अंशास चार मिनिटे या हिशेबाने रत्नागिरीचा मध्यान्ह उज्जैनच्या मागाहून सुमारे दहा मिनिटांनी होतो. ही दहा मिनिटे मोजण्याचे काम उज्जैनच्या गणितज्ञाचे नव्हते. ते रत्नागिरीच्या जोशीबुवांचे होते.

हा दंडक आज आठवण्यास कारण आहे. संगणकाच्या क्षेत्रात 'मुक्त स्रोत' नावाची एक प्रचंड सार्वजनिक मिळकत गेल्या काही दशकांत उभी राहिली. तिच्यातील आज्ञावली कोणीही पाहाव्या, वापराव्या, बदलाव्या. मोल द्यावे लागत नाही. त्यांपैकी पुष्कळशा आज्ञावली नोकरीधंदा सांभाळून, फावल्या वेळात लिहिल्या जातात. लिहिणारा आपल्या घरच्या लिनक्सवर लिहितो. मग कोणी म्हणतो, विंडोजवर चालत नाही. कोणी म्हणतो, मॅकवर अडते. कोणी वीस वर्षांपूर्वीचे यंत्र पुढे करतो. लेखकापाशी ते यंत्रच नसते. तरीही न पाहिलेल्या यंत्राचा दोष दूर करणे हे त्याचे कर्तव्य ठरवले जाते आणि विलंब झाल्यास त्याला चार शब्द ऐकावे लागतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये हे उघडपणे दिसले. पायथन या संगणकभाषेतील 'क्रिप्टोग्राफी' या आज्ञावलीच्या चालकांनी सुरक्षिततेसाठी तिचा काही भाग रस्ट या नव्या भाषेत नेला. अल्फा, एस-३९० यांसारख्या जुन्या यंत्रप्रकारांवर रस्ट चालत नव्हती. तेव्हा तिथल्या वापरणाऱ्यांनी चालकांना धारेवर धरले.

तक्रार करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. जुने यंत्र पुष्कळदा हौसेने नव्हे, नवे घेण्याची ऐपत नाही म्हणून वापरले जाते. आधार काढून घेतला तर पहिला फटका दुबळ्यालाच बसतो. म्हणून आधार काढण्यापूर्वी पुरेशी सूचना देणे आणि दुसऱ्याने करून आणलेली दुरुस्ती मोकळ्या मनाने तपासणे, एवढी अपेक्षा स्वयंसेवकाकडून रास्त आहे. त्यापलीकडची वेठ आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ज्या ३८६ जातीच्या यंत्रावर लिनक्स लिहावयास घेतले, त्या जातीचा आधारही लिनक्सने डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकला. जन्मस्थानाचाही भार कायम वाहता येत नाही.

मार्ग डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पाने दाखवला आहे. मोटोरोला ६८००० कुळातील यंत्रे २००७ च्या आवृत्तीपासून त्याच्या अधिकृत यादीतून गळाली. परंतु ज्यांचा त्या यंत्रांवर जीव होता, त्यांनी स्वतः खपून त्यांची शाखा निराळी जिवंत ठेवली. मूळ गणित सर्वांचे, देशांतर ज्याचे त्याने द्यावे, हाच तो जुना न्याय होय.

मात्र हा न्याय समर्थांवर अधिक बंधनकारक आहे. उज्जैनची मोडकळीस आलेली वेधशाळा १९२३ साली दुरुस्त झाली, ती ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांचा आश्रय लाभला म्हणून. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी ज्योतिर्गणिती तेथे अधीक्षक म्हणून काम करू शकला, तोही या आश्रयामुळेच. आज सरकारी कचेऱ्या, बँका, विद्यापीठे आणि आम्ही वृत्तपत्रवालेदेखील या फुकटच्या आज्ञावलींवर आपला कारभार चालवतो. पण त्या लिहिणाऱ्यास एखादे यंत्र, चाचणीसाठी एखादा माणूस किंवा थोडे वेतन देण्याचे मनातही आणत नाही. गरीब विद्यार्थ्याने मागितले तर ती विनंती ठरते. धनवान संस्थेने मागितले तर ती फुकट वेठ ठरते. ज्या संस्थांची ऐपत आहे, त्यांनी आपले देशांतर आपल्या खर्चाने द्यावे आणि जमल्यास शेजारच्या गरिबाचेही द्यावे, असे आम्हांस वाटते.