लिमक्सची चौदा वर्षं

२००३ साली जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेपुढे पेच होता. पालिकेचे सुमारे १४ हजार संगणक विंडोज एनटी ४ वर चालत होते आणि मायक्रोसॉफ्ट त्या आवृत्तीची देखभाल थांबवणार होती. नवी विंडोज घ्यायची, की दुसरी वाट धरायची? मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला आले, किमतीतही सूट देऊ केली. सल्लागारांच्या अहवालात निव्वळ खर्चात विंडोज किंचित स्वस्त पडत होती, पण दूरच्या हिताचा विचार करता लिनक्स ही खुली प्रणाली सरस ठरत होती. २८ मे २००३ रोजी सभागृहाने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. शहराचा कारभार एका कंपनीच्या वेळापत्रकावर अवलंबून नसावा, ही त्यामागची भूमिका मला आजही मोलाची वाटते.

त्यानंतर पहिला संगणक लिमक्सवर, म्हणजे पालिकेने स्वतःसाठी घडवलेल्या लिनक्सवर, जायला २००६चा शरद उजाडला. मधली वर्षं आराखडा, पेटंटच्या कायदेशीर शंका आणि डेबियन या लिनक्स-आवृत्तीची निवड यांत गेली. शिवाय पालिकेने उडी एकदम मारली नाही. आधी विंडोजवरच ओपनऑफिस, फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड ही खुली साधनं आणली, लोकांच्या हाताला त्यांची सवय होऊ दिली, मग खालची प्रणाली बदलली.

सगळ्यात मोठी अडचण निघाली पत्रांच्या नमुन्यांची. खात्याखात्याने वर्षानुवर्षं वर्डमध्ये आपापले नमुने आणि मॅक्रो करून ठेवले होते. ते ओपनऑफिसमध्ये जसेच्या तसे चालणार नव्हते. म्हणून पालिकेच्या चमूने वोलमक्स नावाचं साधन स्वतः लिहिलं. लिपिकाने नमुना उघडला की त्याचं नाव, खातं, पत्ता, फोन पत्राच्या शीर्षभागात आपोआप येई. छपाईची आज्ञा दिली की ज्याला त्याला जायची प्रत आणि दप्तरी ठेवायची प्रत वेगवेगळी निघे. २००८ मध्ये पालिकेने हे साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. लिमक्समधलं हे काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण इथे आखणी थेट कर्मचाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचली होती.

मूळ मुदत हुकली, तरी २०१३ अखेर सुमारे १५ हजार संगणक लिमक्सवर आले होते. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा हिशेब पालिकेने २०१२ मध्येच मांडला होता.

तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये सभागृहाने विंडोजकडे परतायचं ठरवलं. बाहेरच्या कार्यालयांकडून आलेल्या फायली नीट उघडत नाहीत, काही खास प्रणाली फक्त विंडोजवर चालतात, अशा तक्रारी साचल्या होत्या. त्यात २०१४ मध्ये महापौर बदलले आणि प्रकल्पाला सत्तेचं पाठबळ उरलं नाही. पालिकेनेच मागवलेल्या २०१६च्या अहवालाने मात्र विस्कळीत संगणक व्यवस्थेवर बोट ठेवलं होतं. जबाबदाऱ्या अनेक खात्यांत विखुरलेल्या होत्या आणि निर्णय रेंगाळत होते. हे दुखणं कोणतीही प्रणाली आणली तरी तसंच राहिलं असतं.

पुढे २०२० मध्ये म्युनिकच्या नव्या आघाडीने जनतेच्या पैशातून लिहिलेली प्रणाली शक्य तिथे जनतेला खुली असावी, असं धोरण स्वीकारलं. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणकांवर लिबरऑफिस हे खुलं कार्यालयीन साधन आणायचं जाहीर केलं आणि २०२५ मध्ये ४० हजारांहून अधिक ईमेल खाती खुल्या प्रणालींवर नेली.

आपल्याकडची एखादी नगरपरिषद, पतसंस्था किंवा शिक्षणसंस्था या वाटेला लागणार असेल, तर तिने पहिले काही महिने कागदपत्रांच्या मोजदादीला द्यावेत. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधले ठराव आणि दाखले तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन उघडतात. आधी ते युनिकोडमध्ये आणावेत. कोणती प्रणाली कशावर चालते, ती कोण सांभाळतं, बाहेरून फायली कोणत्या स्वरूपात येतात, याची यादी करावी. आणि लायसन्सचे वाचणारे पैसे दुसऱ्या कामाला वळवण्याआधी प्रशिक्षण आणि देखभालीची कायमची तरतूद अंदाजपत्रकात करावी. महापौर किंवा अध्यक्ष बदलल्यावरही हे काम पुढे नेणारी माणसं घडवणं, हा आराखड्याचाच भाग असायला हवा.