रांजणातला बुळबुळीत थर

पाण्याचा रांजण रिकामा झाला की आतून एकदा हात फिरवून पाहा. बोटांना बुळबुळीत लागते. आपण त्याला शेवाळ म्हणतो, दोन तांबे पाणी घालून विसळतो आणि पुन्हा रांजण भरतो. पण शेवाळाला उजेड लागतो. झाकलेल्या रांजणात ते कुठून वाढणार? हा थर बहुतेक जंतूंनीच बांधलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला 'बायोफिल्म' म्हणतात. आपण जंतूंचा पापुद्रा म्हणू.

असा प्रत्येक पापुद्रा रोगट नसतो. मात्र रोगजंतूंनाही ही विद्या अवगत आहे. पटकीचाच जंतू घ्या ना. आकाराने स्वल्पविरामासारखा, लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. एवढासा जीव भिंतीला धरून राहतो कसा? त्याची सारी अवजारे अंगाच्या बाहेरच्या बाजूस असतात.

पहिले अवजार शेपूट. ते गरगर फिरवून तो पोहत भिंतीपाशी येतो. दुसरे, अंगावरचे बारीक केस. भिंतीला ते टेकले की जंतू थबकतो. तिसरा, त्याने बाहेर सोडलेला चीक. शर्करेचे कण साखळीसारखे जोडून हा चीक बनतो; त्यात काही प्रथिने मिसळतात, ती जंतूला जंतूशी व भिंतीशी बांधतात. झाला पापुद्रा तयार!

हे ठरवले कशावरून? 1999 साली शास्त्रज्ञांनी एकेक अवजार काढून घेतलेले जंतू तपासले. शेपूट किंवा केस नसलेल्यांना भिंत धरणे अवघड गेले. चीक नसलेले चिकटले खरे, पण त्यांचा थरावर थर चढेना. त्याच वर्षी असेही दिसले, की ज्यांच्या अंगी हा चीक फार, ते क्लोरीनलाही दाद देत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, "पाण्यात आम्ही टीसीएल टाकतोच की!" टाकता, ते योग्यच आहे. पाण्यात सुटे हिंडणारे जंतू त्याने मरतात. पण भिंतीवर चीक असला, की औषधाचा जोर वरच्या थरावरच खर्ची पडतो. आतले जंतू वाचतात आणि त्यांतले काही सुटून पुन्हा पाण्यात उतरतात.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी घासायचे, मग औषध. नुसते विसळणे हे घासणे नव्हे, बरे का! नारळाच्या शेंडीने रांजण आतून खरवडावा, ते पाणी ओतून द्यावे आणि रांजण कडक उन्हात वाळवावा. मग स्वच्छ पाणी भरून ठरल्या मापाने औषध घालावे. गावच्या टाकीलाही हाच नियम.

गुरुजींनी शाळेतल्या पाण्याच्या पिंपापासून आरंभ करावा. मुलांना आधी तो थर बोटाने दाखवावा, मग घासायला लावावे. बोटाला लागलेला बुळबुळीतपणा मुले विसरत नाहीत.